तारीख आहे, सुनावणी नाही : 'कोर्ट' पुन्हा पाहताना

गेल्या वर्षी एका मित्राच्या धाकट्या भावाला मारामारीच्या प्रकरणात अटक झाली. त्याच्या जामिनासाठी मी मित्राबरोबर जिल्ह्याच्या कोर्टात तीनदा गेलो. पहिल्या तारखेला साहेब रजेवर होते. दुसऱ्या तारखेला सरकारी वकिलांचा 'से' आला नव्हता, कारण तपास अधिकारी कुठल्या तरी बंदोबस्ताला गेले होते. तिसऱ्या तारखेला पुकारा झाला आणि पाच मिनिटांत जामीन मंजूर झाला. मग जामीनदाराचा ऐपतीचा दाखला आला नाही म्हणून तो पोरगा आणखी नऊ दिवस आत राहिला.

मित्राची आई तिन्ही वेळा डबा घेऊन आली होती. तिन्ही वेळा डबा तसाच परत गेला, कारण तिच्या पोराला तुरुंगातून कोर्टात आणलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी घरी येऊन मी चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' पुन्हा पाहिला. कॉलेजात असताना पाहिला होता तेव्हा तो मला संथ वाटला होता. यावेळी जाणवलं की तो संथ नाही, हिशेबी आहे. कोर्टात कोणाचा किती वेळ जातो, त्याचे पैसे कोण देतं आणि त्या पैशांत नेमकं काय मिळतं, हे तो ११६ मिनिटं शांतपणे मोजत बसतो. आपल्याकडे या सिनेमाबद्दल पुष्कळ लिहून आलं. जात, अभिव्यक्तिस्वातंत्र्य, वसाहतकाळातले कायदे असे विषय निघाले आणि ते बरोबरच होतं. पण या हिशेबाबद्दल फारसं कोणी बोललं नाही. मला त्याबद्दल बोलायचं आहे.

एका गाण्याचा खटला

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट. नारायण कांबळे हे वयस्कर लोकशाहीर. दिवसा मुलांच्या शिकवण्या घेतात, संध्याकाळी वस्त्यांमध्ये गातात. एके दिवशी कार्यक्रम चालू असतानाच पोलीस त्यांना घेऊन जातात. आरोप असा की त्यांच्या गाण्यामुळे वासुदेव पवार नावाच्या सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये जीव दिला. म्हणजे आत्महत्येस प्रवृत्त करण्याचा गुन्हा, आणि हत्यार काय, तर गाणं.

सिनेमा २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. तिथल्या 'ओरिझोंती' विभागात तो सर्वोत्कृष्ट ठरला. पुढे त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ऑस्करसाठी भारताची अधिकृत निवडही तोच होता. कांबळे झाले होते वीरा साथीदार, नागपूरचे कार्यकर्ते आणि 'विद्रोही' मासिकाचे संपादक. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडने त्यांचं निधन झालं. बचाव पक्षाचे वकील विनय व्होरा यांच्या भूमिकेत सिनेमाचे निर्माते विवेक गोंबर आहेत. सरकारी वकील नूतन झाल्या आहेत गीतांजली कुलकर्णी आणि न्यायाधीश सदावर्ते झाले आहेत प्रदीप जोशी.

कॅमेरा बहुतेक वेळ मागे उभा राहतो आणि हलत नाही. चौकटीत कोर्टाची अख्खी खोली दिसते. न्यायाधीश बोलतात, टंकलेखक टाइप करतो, शिपाई कागद इकडून तिकडे नेतो, मागच्या बाकावर लोक आपापल्या नंबरची वाट बघत बसलेले असतात. आपली केस संपते, दुसरी पुकारली जाते, आणि कॅमेरा थोडा वेळ तिच्याकडेही बघतो. एका बाईने बिनबाह्यांचे कपडे घातलेत म्हणून न्यायाधीश तिची केस ऐकत नाहीत, पुढची तारीख देतात. हा प्रसंग आला की प्रेक्षक हसतात. मी पहिल्यांदा हसलो होतो. यावेळी त्या बाईने त्या दिवशी कामावर खाडा केला असेल का, एवढंच मनात आलं.

आपली कोर्टं आणि ताम्हाणेचं कोर्ट

मराठी माणसाच्या डोक्यात कोर्ट म्हटलं की आधी नाटक उभं राहतं. तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ मध्ये रंगायनने केलं, अरविंद देशपांडेंच्या दिग्दर्शनात, आणि बेणारेबाई होत्या सुलभा देशपांडे. तिथे कोर्ट खोटं आहे, लुटुपुटूचं आहे. म्हणूनच त्याला तारखा नाहीत. आरोप, साक्षी, निकाल, सगळं एका बैठकीत उरकतं. नाटकाला ते लागतंच. हिंदी सिनेमात 'दामिनी' (१९९३) मध्ये सनी देओलने तारखांवर संताप काढला आणि तो संवाद आजही प्रत्येकाच्या तोंडी आहे. तिथेही तारखा हा अडथळा आहे. नायकाने आवाज चढवला की तो दूर होतो आणि न्याय समोर येतो.

ताम्हाणेने हे दोन्ही रस्ते सोडले. त्याच्या कोर्टात आवाज चढवणारा कोणी नाही. व्होरा हुशार आहे, कळकळीचा आहे, पण त्याचा युक्तिवाद संपला की न्यायाधीश तेवढ्याच सपाट आवाजात पुढची तारीख सांगतात. तारीख हा न्यायाच्या वाटेतला अडथळा आहे असं हा सिनेमा म्हणत नाही. त्याचं म्हणणं असं दिसतं की तारीख हेच या यंत्राचं उत्पादन आहे. गिरणीतून कापड निघावं तशी कोर्टातून तारीख निघते.

आपली बोली हे आधीपासून ओळखून आहे. कोर्टातून आलेल्या माणसाला आपण 'सुनावणी कशी झाली' असं विचारत नाही, 'पुढची तारीख कधी' असं विचारतो. सुनावणी म्हणजे कोणीतरी कोणाचं तरी ऐकणं. तारीख म्हणजे कॅलेंडरवरचा एक चौकोन. सरकार खर्च करतं सुनावणीवर, आणि हातात येते तारीख. 'कोर्ट' या दोहोंमधल्या फरकावर उभा आहे.

चौकटीतले पगार

एकदा सिनेमा थांबवून चौकटीतली माणसं मोजा. न्यायाधीश, सरकारी वकील, टंकलेखक, कारकून, शिपाई, तपास अधिकारी, आरोपीला घेऊन आलेले पोलीस. शिवाय चौकटीबाहेर तुरुंगाची गाडी आणि तिचा ड्रायव्हर. एवढ्या सगळ्यांचा पगार सरकारी तिजोरीतून निघतो, म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातून. त्या दिवशी केस पुढे सरकली तरी निघतो, न सरकली तरी निघतो. साहेब रजेवर असले म्हणून पोलीस गाडीचं डिझेल परत मिळत नाही.

सरकारी अंदाजपत्रकात प्रत्येक खर्चाला एक शीर्ष असतं. न्यायालयांचा खर्च एका शीर्षाखाली, पोलिसांचा दुसऱ्या, तुरुंगांचा तिसऱ्या. 'न झालेली सुनावणी' असं शीर्ष कुठेच नसतं. तीन खात्यांमध्ये वाटला गेल्यामुळे हा खर्च कोणाचाच नसतो, आणि जो खर्च कोणाचाच नाही तो कमी करायची घाई कोणाला असणार?

सरकारच्या वहीत जो खर्च येतच नाही, त्याचा थोडा अंदाज मात्र आहे. बंगळुरूच्या 'दक्ष' या संस्थेने २०१६ मध्ये २४ राज्यांतल्या ९,३२९ पक्षकारांशी बोलून एक पाहणी केली. फौजदारी केसमधल्या माणसाला कोर्टाच्या एका दिवसापायी सरासरी ५४२ रुपये खर्च येतो आणि बुडालेल्या कामाचे ९०२ रुपये वेगळे, असं त्यात निघालं. वकिलाची फी यात धरलेली नाही. म्हणजे एका तारखेचे १,४४४ रुपये, तेही त्या वेळच्या भावाने. वीस तारखा म्हणजे २८,८८० रुपये. हातावर पोट असलेल्या घरात एवढ्या पैशांत किती महिने निघतात, ते ज्याचं त्याने मोजावं.

सिनेमा यातला एकही आकडा सांगत नाही. तो वेगळी गोष्ट करतो. कोर्ट सुटल्यावर तो पगारी माणसांच्या मागोमाग त्यांच्या घरी जातो. व्होरा सुपरमार्केटमधून चीज आणि वाइन घेतो, गाडीत जॅझ ऐकतो, आईवडील लग्नाचा विषय काढतात म्हणून वैतागतो. नूतन लोकलने घरी जाते, मुलाला आणते, स्वयंपाक करते, रात्री केसचे कागद चाळते. ही नूतन सिनेमातली सगळ्यात नीट लिहिलेली व्यक्तिरेखा आहे. ती खलनायिका नाही, दमलेली नोकरदार बाई आहे. तीच बाई सहकाऱ्यांशी गप्पा मारताना सहज बोलून जाते की कांबळेला वीस वर्षं आत टाकून विषय संपवायला हवा, तेच तेच चेहरे बघून कंटाळा येतो. ती हे दुष्टपणाने बोलत नाही. रोज तेच रजिस्टर भरणारा माणूस ज्या सुरात बोलेल, त्या सुरात बोलते. म्हणून ते अंगावर येतं.

एक लाख आणि चाळीस हजार

बऱ्याच तारखांनंतर कांबळेंना जामीन मिळतो. रक्कम एक लाख रुपये. शिकवण्या घेणाऱ्या शाहिराकडे एक लाख कुठून येणार? ते व्होरा भरतो. सिनेमा हा प्रसंग रेंगाळत ठेवत नाही, पण माझ्यासाठी सगळी गोष्ट तिथे उघडी पडते. कोर्टाने माणसाला सोडायचं ठरवलं आहे. तो पळून जाणार नाही, हे कोर्टाला पटलं आहे. आता तो आत राहिला तर त्याचं कारण गुन्हा नसेल, पैसे नसणं असेल. आणि त्या प्रत्येक दिवसाचं जेवण, पहारा, औषध सरकारच देणार.

हे सिनेमापुरतं नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांमध्ये ५,७३,२२० माणसं होती. त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी होती, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही अशी. शंभरातली जवळपास शहात्तर. सगळ्या तुरुंगांची मिळून क्षमता ४,३६,२६६. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. देशात एकही शिक्षा झालेला कैदी नसता, तरी फक्त कच्च्या कैद्यांनीच आपले तुरुंग जवळपास भरले असते.

सरकारलाही हे कळतं. २०२३ मध्ये केंद्राने गरीब कैद्यांसाठी एक योजना आणली. जामीन मंजूर होऊनही पैशांअभावी अडकलेल्या कच्च्या कैद्यासाठी तेव्हा ४०,००० रुपयांपर्यंत रक्कम सरकार भरेल असं ठरलं. योजना चांगली आहे. पण तिचा अर्थ नीट लक्षात घ्या. सरकारचं एक खातं रक्कम मागतं, माणसाकडे ती नसते, म्हणून सरकारचंच दुसरं खातं ती भरतं. मग जातमुचलक्यावर सोडायला काय हरकत होती, असा प्रश्न एखाद्या शाळकरी पोरालाही पडेल. कांबळेंचे एक लाख तर त्या मर्यादेच्याही पलीकडचे होते.

मित्राच्या भावाचे ते नऊ दिवस मी याच खात्यात धरतो. कायद्याने तो मोकळा होता. फक्त तहसील कचेरीतला एक कागद कोर्टापर्यंत पोचला नव्हता.

शर्मिला पवारची साक्ष

सिनेमाचा कणा म्हणजे वासुदेवच्या बायकोची, शर्मिला पवारची साक्ष. उषा बाने यांनी ती इतकी साधी केली आहे की अभिनय आठवत नाही, माणूस आठवतो. नवऱ्याकडे सुरक्षेचं काही साधन नव्हतं, गटारातल्या वायूने त्याचा एक डोळा गेला होता, वास सहन व्हावा म्हणून तो दारू प्यायचा, हे ती सांगते. आत उतरण्याआधी तो कशाचा अंदाज घ्यायचा, हेही सांगते. तिच्या आवाजात तक्रार नाही. न्यायाधीश तिचं बोलणं आपल्या भाषेत लावून टंकलेखकाला सांगतात. तिचे शब्द कागदावर जाईपर्यंत दुसऱ्याचे झालेले असतात.

पूर्ण सिनेमात खरी सुनावणी होते ती इथे. कोणीतरी बोलतं आणि कोणालातरी काहीतरी नवं कळतं. त्यानंतरच जामीन मिळतो. प्रश्न असा पडतो की हे पहिल्याच आठवड्यात का कळलं नाही? वासुदेवकडे मास्क होता का, हातमोजे होते का, त्याला आत कोणी उतरवलं, हे विचारायला कायद्याची पुस्तकं लागत नव्हती. एका पोलीस शिपायाने वस्तीत जाऊन बायकोशी तासभर बोलणं पुरेसं होतं.

इथे सिनेमातला हिशेब पैशांच्या पलीकडे जातो. गाण्याने माणूस मेला का, हे ठरवायला सरकारने किती दिवस, किती माणसं, किती कागद लावले ते आपण पाहिलेलं असतं. गटाराने माणूस मेला का, हे ठरवायला काहीच लावलं नाही. मॅनहोलमध्ये माणूस उतरवणाऱ्या कंत्राटदारावर किंवा अधिकाऱ्यावर खटला उभा राहत नाही. एका शाहिरावरच्या तारखा चालू असतात तोवर दुसऱ्या प्रश्नाला पुकारा होत नाही. हा मला सगळ्यात मोठा सार्वजनिक खर्च वाटतो. कोर्टाचा एक दिवस चुकीच्या प्रश्नावर गेला की तो बरोबर प्रश्नाच्या वाट्यातून वजा होतो.

वास्तवातही दुसरा प्रश्न उशिराच आला. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा सुधारित कायदा २०१३ चा. गटारात मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं. २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. सिनेमातल्या शर्मिलाच्या वाट्याला यातलं काही येत नाही. साक्षीनंतर व्होरा तिला गाडीतून सोडायला जातो, पैसे देऊ करतो. ती घेत नाही. काही काम असेल तर सांगा, म्हणते.

सिनेमा कुठे थांबतो

आता माझी तक्रार. ताम्हाणे वकिलाच्या घरी जातो, सरकारी वकिलाच्या घरी जातो, न्यायाधीशाबरोबर सहलीला जातो. कांबळेंबरोबर मात्र तुरुंगात जात नाही. कोर्ट सुटलं की ते चौकटीतून नाहीसे होतात आणि पुढच्या तारखेला थोडे अधिक थकलेले परत येतात. मधले दिवस आपल्याला दिसत नाहीत.

याचं समर्थन करता येतं, आणि अनेकांनी केलंही असेल. कोर्टाला तरी ते दिवस कुठे दिसतात? सिनेमा आपल्याला कोर्टाच्याच नजरेत बसवतो, त्यामुळे न दिसणं हाच मुद्दा आहे. युक्तिवाद चांगला आहे, पण मला पुरेसा वाटत नाही. ज्यांच्या वेळेला पगार आहे त्यांची संध्याकाळ आपण बघतो. जो या वेळेची किंमत अंगावर मोजतो, त्याची एकही संध्याकाळ बघत नाही. हिशेबात जमेची बाजू बारकाईने लिहिली आणि नावे बाजू कोरी सोडली, असं काहीसं होतं.

कारण तारखेची खरी किंमत दोन तारखांच्या मध्ये असते. स्टॅन स्वामींचं प्रकरण आठवा. भीमा कोरेगाव प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांना अटक झाली. पार्किन्सन्समुळे हात थरथरायचे, पेला धरता येत नव्हता. ६ नोव्हेंबरला त्यांनी मुंबईच्या विशेष न्यायालयात स्ट्रॉ आणि सिपरसाठी अर्ज केला. उत्तर द्यायला तपास यंत्रणेने २० दिवस मागितले. २६ नोव्हेंबरला सांगितलं की या वस्तू आम्ही जप्त केलेल्या नाहीत. पुढची तारीख पडली ४ डिसेंबरची. सिपरसारख्या एका साध्या वस्तूसाठी न्यायालय, सरकारी वकील, तपास यंत्रणा आणि तुरुंग एवढं सगळं चार आठवडे कामाला लागलं होतं. ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, कच्चे कैदी म्हणूनच त्यांचं निधन झालं. त्या दिवशी उच्च न्यायालयात त्यांच्या जामिनाचं प्रकरण बोर्डावर होतं.

शाहिरांचीही उदाहरणं आहेत. कबीर कला मंचाचे सचिन माळी एप्रिल २०१३ मध्ये मुंबईत पोलिसांच्या स्वाधीन झाले. त्यांना सर्वोच्च न्यायालयातून जामीन मिळाला जानेवारी २०१७ मध्ये. 'कोर्ट' व्हेनिसला गेला, परत आला, थिएटरांत लागला, उतरला. तोवर हा कवी आतच होता.

आणि ज्यांची नावं पेपरात येत नाहीत त्यांचं काय? डिसेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या एका कच्च्या कैद्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सहा वर्षांत १०२ तारखा पडल्या होत्या. त्यातल्या बहुतेक तारखांना त्याला ना प्रत्यक्ष हजर केलं होतं, ना पडद्यावरून. न्यायालयाने त्याला जामीन दिला आणि या कारभारावर नाराजीही नोंदवली. १०२ वेळा बोर्डावर नाव लागलं, रोजनामा लिहिला गेला. ज्याच्याबद्दल हे सगळं होतं, तो बहुतेक वेळा तिथे नव्हताच. तिसऱ्यांदा डबा परत घेऊन जाणारी मित्राची आई मला इथे पुन्हा दिसते.

मग तारखा कमी करायच्या?

एवढं वाचून कोणी म्हणेल, सुनावण्या कमी करा, खर्च वाचेल. इथे सावध राहायला हवं. अटकेनंतर चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करायचं, हे राज्यघटनेच्या २२व्या कलमात आहे. कोठडी एका वेळी पंधरा दिवसांहून अधिक वाढवायची नाही, हे फौजदारी प्रक्रियेत आहे. या तारखा म्हणजे उधळपट्टी नव्हे. पोलिसांच्या हाती पडलेला माणूस जिवंत आहे, शुद्धीवर आहे, त्याच्या अंगावर वळ नाहीत, हे एका तिसऱ्या माणसाने डोळ्यांनी बघावं म्हणून त्या आहेत.

त्या नसल्या तर काय होतं, हे १९७९ मध्ये दिसलं. हुसैनारा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर बिहारच्या तुरुंगांतली माणसं आली. त्यातले काही जण, गुन्हा सिद्ध झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून अधिक काळ खटल्याविना आत होते. जलद खटला हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे न्यायालयाने तेव्हा स्पष्टपणे सांगितलं. पुढे कायद्यातही तरतूद झाली. काही गंभीर गुन्हे वगळता, जास्तीत जास्त शिक्षेच्या निम्मा काळ आत गेला असेल, तर जामिनावर सोडायचं. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्यासाठी हा काळ एक तृतीयांशावर आणला आहे.

म्हणून स्वस्त सुनावणी हे उत्तर नाही. न्यायालयीन कोठडी वाढवताना आता पडद्यावरून हजेरी चालते. डिझेल वाचतं, पोलीस वाचतात. पण तुरुंगातल्या त्या छोट्या खोलीत कॅमेऱ्यासमोर बसलेला माणूस शेजारी तुरुंगाचा शिपाई उभा असताना काय सांगणार? पोलीस कोठडीसाठी कायद्याने प्रत्यक्ष हजेरी ठेवली आहे ती यासाठीच. रिकाम्या सुनावणीचा खर्च वाचायला हवा, यात वाद नाही. पण जिथे खरंच कोणाचं ऐकलं जातं, त्या सुनावणीवर तर जास्त खर्च व्हायला हवा. शर्मिलाच्या साक्षीचा अर्धा तास हा त्या सगळ्या खटल्यात सार्थकी लागलेला एकमेव खर्च होता.

दिवे बंद

सिनेमाच्या शेवटी कांबळे पुन्हा आत जातात. यावेळी यूएपीए. व्होरा जामीन मागतो. न्यायाधीश सांगतात की उद्यापासून कोर्टाला उन्हाळी सुट्टी आहे, हवं तर हायकोर्टात जा. माणसं उठतात. खोली रिकामी होते. दिवे एकेक करून बंद होतात आणि पडदा काळा पडतो. बऱ्याच प्रेक्षकांना सिनेमा इथेच संपला असं वाटतं.

तो संपत नाही. पुढे न्यायाधीश सहलीला जातात. नातेवाइकांशी गप्पा, कोणाच्या तरी मुलाची अडचण, त्यावर नावातली अक्षरं बदलण्याचा आणि खड्याची अंगठी घालण्याचा सल्ला. दिवसभर तर्काच्या खुर्चीवर बसणारा माणूस सुट्टीत हे सांगतो. मग बाकावर त्यांना डुलकी लागते, पोरं ओरडून दचकवतात, ते एकाला थप्पड मारतात आणि पुन्हा झोपतात.

या थप्पडेवर पुष्कळ चर्चा झाली. मला मात्र त्या आधीचा काळोख जास्त महत्त्वाचा वाटतो. ताम्हाणे तो काळोख काही सेकंद तसाच ठेवतो, प्रेक्षक चुळबूळ करेपर्यंत. मधले दिवस दाखवले नाहीत, अशी तक्रार मी वर केली. कदाचित त्याने ते दाखवले ते इथेच. महिनाभराची सुट्टी त्याने त्या काही सेकंदांत बसवली आहे. सदावर्तेंसाठी तो महिना सहलीचा आहे. कांबळेंसाठी त्या काळोखापलीकडे काय आहे, हे सांगायला सिनेमाकडे एकही दृश्य नाही. ते आपल्याला शोधावं लागतं.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. म्हण जुनी आहे आणि तिच्यात अनुभवही आहे. पण ती दोष चढणाऱ्याला देते. कांबळे पायरी चढले नव्हते, त्यांना उचलून नेलं होतं. मित्राची आईही आपणहून चढली नव्हती.

मित्राचा भाऊ आता बाहेर आहे. केस अजून उभी राहिलेली नाही, आरोप निश्चित व्हायचे आहेत. परवा मित्राचा फोन आला होता. मी विचारलं, "काय झालं?"

म्हणाला, "काही नाही रे, तारीख पडली."